लेकराला वाचता येईना: मराठवाड्यातल्या पालक-शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभा, बचत गटाच्या बैठका, केंद्राच्या शिक्षण परिषदा आणि कधी कधी सप्ताहाचा मांडव, अशा ठिकाणी लेकरांच्या वाचन-लेखन-गणितातल्या अडचणींबद्दल जे प्रश्न आमच्यापुढे येतात ते इथे उत्तरांसह दिले आहेत. प्रश्न शक्यतो विचारले गेले तसेच ठेवलेत. एक गोष्ट आधीच सांगतो. तपासणी बहुधा जिल्ह्याच्या गावाला होते आणि तिला वेळ लागतो. मदत मात्र उद्या सकाळी वर्गात आणि संध्याकाळी घरी सुरू करता येते, तिला कुणाचा सही-शिक्का लागत नाही.

पोरगं बोलायला चुणचुणीत आहे, बाजारात फसत नाही, पण पुस्तक उघडलं की गप्प. हे काय असतं?

आमच्यापर्यंत येणारं लेकरू बहुतेक असंच असतं. कापसाचं माप झालं की आईची मजुरी तोंडी सांगणारा चौथीतला मुलगा, पण तेच गणित वहीवर मांड म्हटलं की हातचा कुठे लिहायचा इथंच अडतो. अशा लेकराची बुद्धी ठीक असते, डोळे-कान ठीक असतात, शाळेतही ते जातं. तरी वाचन, लेखन किंवा आकडेमोड यातलं काहीतरी वयाच्या मानानं फार मागे राहतं. याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातली डिसग्राफिया, गणितातली डिसकॅल्क्युलिया. पुष्कळ लेकरांत दोन एकत्र असतात, आणि काहींना जोडीला लक्ष एका जागी टिकवणंही जड जातं.

हा मेंदूच्या घडणीतला जन्मजात फरक आहे. कानावर पडलेला शब्द ध्वनींत तोडणं, ध्वनी अक्षराशी जोडणं आणि ते अक्षर झटकन आठवणं याला या लेकरांना जास्त कष्ट पडतात. घराण्यात चालत येण्याची शक्यताही बरीच असते. सभा संपल्यावर एखादा बाप बाजूला घेऊन म्हणतो, "सर, मलाबी असंच व्हायचं, म्हणून तर शाळा सुटली." त्याला हे पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलेलं असतं की त्यात त्याचा दोष नव्हता.

१९९५ च्या अपंग कायद्यात या अडचणीला जागाच नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार मान्य झाले, त्यात ही आली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे.

मग मास्तर "ढ" म्हणतात ते, मतिमंद म्हणतात ते आणि हे, एकच का?

नाही. मतिमंदत्वात, म्हणजे आताच्या कायद्याच्या भाषेत बौद्धिक अक्षमतेत, एकूणच समज आणि रोजचं वागणं वयाच्या मागे असतं. अध्ययन अक्षमतेत अडचण ठरावीक कामापुरती असते. "ढ" हे निदान नाही, तो फक्त शिक्का आहे.

या दोघांच्या मधे एक गट आहे आणि त्याची आम्हाला जास्त काळजी वाटते. बुद्ध्यांक साधारण ७० ते ८४ च्या दरम्यान असणारी लेकरं सावकाश शिकतात, पण शिकतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बुद्ध्यांक ८५ च्या पुढे असेल तरच अध्ययन अक्षमतेच्या पुढच्या चाचण्या होतात. ७० च्या खाली असेल तर बौद्धिक अक्षमतेचा विचार होतो. मधलं लेकरू दोन्हीकडून निसटतं, त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही आणि परीक्षेतली सवलतही नाही. त्याच्यासाठी वर्गातला शिक्षक हाच एक आधार उरतो, म्हणूनही आम्ही प्रमाणपत्रावर सगळा भार टाकत नाही.

मराठी वाचताना लेकरू नेमकं कुठे अडखळतं?

इंग्रजीवर लिहिलेल्या यादीत "बी आणि डी उलटे लिहितो" असं असतं आणि आपले शिक्षक मराठीच्या वहीत तेच शोधत बसतात. देवनागरीच्या अडचणी वेगळ्या आहेत. भ आणि म, घ आणि ध, प आणि ष, य आणि थ यांची गल्लत होते. "भाकर" ची "माकर" होते. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, पण तोंडात अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं: "पर्वत" मधला र आधी उच्चारायचा आणि काढायचा मात्र पुढच्या व च्या डोक्यावर. काना, मात्रा, उकार गळतात. जोडाक्षर आलं की लेकरू एकतर ते फोडून वाचतं, नाहीतर पहिलं अक्षर पाहून ओळखीचा शब्द ठोकून देतं.

मराठीत लिहिलेलं बरंचसं जसंच्या तसं उच्चारलं जातं, त्यामुळे आणखी एक फसगत होते. पाचवी-सहावीपर्यंत अशी काही लेकरं बरोबर वाचू लागतात, पण एकेक अक्षर लावत, इतकी सावकाश की ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. शिक्षक "वाचतो की" म्हणून सोडून देतात. खरी गंमत इंग्रजीच्या तासाला कळते, तिथे स्पेलिंगला काही धरबंदच नसतो.

आकड्यांत ३ आणि ६ आरशात पाहिल्यासारखे उलटे होतात. आपल्या संख्यानावांचाही यात वाटा आहे. "पंचवीस" म्हणताना पाच आधी येतो, म्हणून लेकरू ५२ लिहितं. "एकोणसाठ" म्हटलं की त्याला साठ ऐकू येतं आणि ते साठातच काहीतरी लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस पाच" अशी जोडीची पद्धत दिली तेव्हा राज्यभर टिंगल झाली. भाषेच्या बाजूनं काय म्हणायचं ते म्हणा, पण या लेकरांबरोबर बसणाऱ्याला तो उपाय उपयोगी वाटतो. आम्ही दोन्ही शिकवतो: आधी "वीस आणि पाच", मग "पंचवीस".

पहिली-दुसरीत या चुका सगळीच लेकरं करतात. त्या वेळी घाबरू नका. तिसरी-चौथीत, शिकवूनही त्याच चुका तशाच राहिल्या तर मात्र लक्ष द्या.

आम्ही दसरा झाला की ऊसतोडीला जातो. लेकराला येत नाही ते शाळा बुडाल्यामुळे, की ही अडचण आहे म्हणून?

बीड, जालना, धाराशिव, परभणीकडे हा प्रश्न विचारला गेला नाही अशी सभा होत नाही. गाळप सुरू झालं की कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. लेकरू जून ते दसरा शाळेत, पुढे कारखान्याच्या फडात कोपीवर धाकट्याला सांभाळत. चौथीत पोचलेल्या अशा मुलीनं प्रत्यक्षात दोन वर्षांचीही सलग शाळा पाहिलेली नसते. व्याख्येतच सांगितलंय की शिकायला मिळालंच नाही म्हणून मागे राहणं ही अध्ययन अक्षमता नव्हे. पण ऊसतोड कामगाराच्या लेकराला डिस्लेक्सिया असू शकत नाही असंही नाही, आणि नेमकं तेच लेकरू "बुडवतंय म्हणून येत नाही" या खात्यावर जमा होतं.

ओळखायचं कसं? त्याच्याबरोबर फडावर गेलेल्या भावंडाकडे, शेजारच्या लेकरांकडे पाहा. सगळ्यांची शाळा सारखीच बुडाली, बाकीची जूनमध्ये महिना-दोन महिन्यांत मार्गी लागली आणि हे एकटंच काना-मात्रेत अडकून राहिलं, तर त्याची अडचण वेगळी आहे. शिक्षकांना आम्ही सांगतो, इयत्ता विसरा, ते जिथे आहे तिथून सात-आठ आठवडे रोज थोडं थोडं नेमानं शिकवा आणि दर आठवड्याला एकच उतारा वाचून घ्या. शाळा बुडाल्याचा खड्डा असेल तर भरताना दिसतो. जिथे जिथे भरत नाही, ते लेकरू तपासणीला पाठवा.

आईबाप फडावर गेल्यावर गावातच राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तुमच्या शाळेत ती यंदा आहे का ते दसऱ्याच्या आत मुख्याध्यापकांना विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो. लेकरू सोबत जाणार असेल तर शिक्षकांकडून एक कागद लिहून घ्या: कुठवर वाचतं, कोणती अक्षरं पक्की, कोणती कच्ची. मुकादमाची उचल ज्या पिशवीत ठेवता त्याच पिशवीत तो ठेवा. कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला लेकरू पुन्हा "अ" पासून सुरू करावं लागत नाही.

घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतो, शाळा मराठी. त्यामुळे तर नाही ना?

असू शकतं. तांड्यावरचं लेकरू, दखनी बोलणारं लेकरू, देगलूर-बिलोलीकडचं तेलुगू घर, उमरगा-निलंग्याकडचं कन्नड घर, किनवटचं गोंडी किंवा कोलामी घर, या सगळ्यांना पहिलीत दोन कामं एकदम करावी लागतात, भाषा शिकायची आणि अक्षरंही. आपल्या बोलीत ते गोष्ट रंगवून सांगत असेल, गाणी पाठ करत असेल, शब्द तोडून टाळ्या वाजवत असेल, तर आधी मराठीला वेळ द्या. बोलीतही शब्द आठवत नसतील, ध्वनी वेगळे करता येत नसतील, तर थांबू नका. आणि घरात बोली बंद करून मोडकी मराठी बोलायला लागू नका, त्यानं दोन्हीकडून नुकसान होतं.

तपासणी कुठे होते? खर्च किती?

सगळ्यात आधी डोळे आणि कान. आमच्याकडे "डिस्लेक्सिया" म्हणून आलेल्या लेकरांत चष्म्याचा नंबर निघालेली आणि वर्षानुवर्षं कान वाहणारी लेकरं असतात. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात ते मोफत होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. त्यांच्या ३० आजार-अडचणींच्या यादीत शिकण्यातली अडचणही आहे, पण गर्दीच्या तपासणीत ती दिसत नाही. शिक्षकानं नाव घेऊन सांगावं लागतं.

त्याच वेळी मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्राला कळवा. समग्र शिक्षा योजनेखाली तिथे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. शाळेत पडताळणीसाठी एनसीईआरटीची "प्रशस्त" ही यादी आणि ॲप आहे. ती शिक्षकानं भरायची, आणि ती निदान नव्हे, फक्त पुढे पाठवायचं की नाही एवढंच सांगते.

पुढची पायरी म्हणजे जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची महाविद्यालयं ही आपल्या भागातली मोठी ठिकाणं. बालरोगतज्ज्ञ पाहतात, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक घेतात, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेचा चाचणीसंच देशभर वापरला जातो. एका फेरीत काम होईल असं धरून मजुरी बुडवू नका, निघण्याआधी कोणत्या वारी मानसशास्त्रज्ञ असतात ते विचारून घ्या. रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून ही अडचण कळत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर परत या.

प्रमाणपत्रासाठी मूल आठ वर्षांचं किंवा तिसरीत गेलेलं असावं लागतं. मदतीला वयाची अट नाही.

प्रमाणपत्र काढून मिळतं काय?

मुख्यतः परीक्षेत सोय. २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांचा उल्लेख आहे. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनुसार जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. राज्य मंडळात गणिताऐवजी खालच्या इयत्तेच्या पातळीचं अंकगणित घेण्याचीही सोय आहे. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो: संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली यांचं मंडळ संभाजीनगरला, लातूर, नांदेड, धाराशिव यांचं लातूरला. हे काम नववीत उरकून घ्या. दहावीच्या जानेवारीत धावपळ करणारे पालक दरवर्षी दिसतात आणि त्यांच्या हाती फार काही लागत नाही.

आमचं मत विचाराल तर लागेल तेवढीच सवलत घ्या. ज्याचं गणित बरं आहे आणि अडतंय फक्त लिहायला, त्यानं जादा वेळ आणि लेखनिक घ्यावा, गणित सोडू नये. बीजगणित सुटलं की पुढे विज्ञान, डिप्लोमा ही दारं अवघड होतात. "सगळ्या सवलती मारा, टक्के वाढतील" असं सांगणारे सल्लागार गावात असतातच.

असं प्रमाणपत्र काढलं तर मुलीचं लग्न कसं जमायचं?

हा प्रश्न बाया विचारतात, तोही पुरुष मंडळी उठून गेल्यावर. प्रमाणपत्र तुमच्या ट्रंकेत राहतं. ते शाळेच्या फळ्यावर लागत नाही, ग्रामपंचायतीतही नाही. शाळेला कळवणं सवलतीपुरतं असतं.

याच्या उलटी बाजू आम्हाला जास्त दिसते. मुलगी आठवी-नववीत अडली, "हिच्या डोक्यात काही बसंना, उगं कशाला शाळा" असं ठरलं, की त्या उन्हाळ्यात स्थळं बघायला सुरुवात होते. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे, त्यामुळे हा टप्पा आणखी नाजूक झालाय. अठराच्या आत लग्न ठरतंय असं कळलं तर १०९८ वर फोन करा, नाव सांगावं लागत नाही.

ब्राह्मीचं सिरप, देवऋषी, ट्युशन?

सिरपनं वाचन येत नाही. देवऋषीनं तर नाहीच. ट्युशनमध्ये जर शाळेतलंच पुन्हा त्याच वेगानं घोटून घेत असतील तर लेकराचा फक्त खेळ जातो.

मला स्वतःला वाचता येत नाही. मी घरी काय करू?

पुष्कळ. वाचनाचा पाया कानात आहे आणि कानाच्या कामाला अक्षर लागत नाही. भाकरी थापता थापता विचारा: "भाकर" मधलं भा काढलं तर काय राहिलं? "कर". "कर" ला न लाव. "करन". अर्थ नसला तरी चालतं, लेकरं हसतात आणि खेळत राहतात. एकेका ध्वनीला एक टाळी. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, म्हणी येत असतील तर त्या म्हणून घ्या. यमक ओळखणं हा यातला पहिला धडा आहे.

अक्षर गिरवायचं तर पाटीआधी परातीत पीठ किंवा राख पसरून बोटानं, तोंडानं उच्चार करत. दिवसाला एकच अक्षर, पण कालचंही आज पुन्हा. मोठी बहीण वाचणारी असेल तर तिनं ओळ वाचायची, यानं तीच ओळ तिच्याबरोबर वाचायची, मग एकट्यानं. तोच छोटा उतारा तीन-चार दिवस चालवा, रोज नवा नको. आठवडी बाजारात पैसे त्याच्या हातात द्या आणि हिशेब घरी आल्यावर कागदावर उतरवायला लावा, म्हणजे तोंडी येतं ते लेखी व्हायला लागतं. पंधरा मिनिटं पुरेत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बसवू नका.

आणि पाहुण्यांपुढे "वाच बरं" म्हणू नका.

माझ्याकडे दोन इयत्ता एका खोलीत. त्यातल्या तिघांकडे वेगळं लक्ष कसं देऊ? (एका शिक्षिकेचा प्रश्न)

ताई, वेगळा तास काढू नका, आहे त्याच तासात थोडं बदला. या तिघांना न सांगता उभं करून प्रकट वाचन घेणं बंद करा. वाचायचाच असेल तर तो उतारा आदल्या दिवशी सांगून ठेवा. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावण्याऐवजी शेजाऱ्याची वही द्या. सूचना एका वेळी एक. इतिहासाचा पेपर तपासताना शुद्धलेखनाचे गुण कापू नका, कारण तिथे इतिहास तपासायचा आहे. प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या आणि त्याची नोंद करा. सातत्यपूर्ण मूल्यमापनात तोंडी कामाला जागा आहे. रोज अर्धा तास दोन्ही इयत्तांची लेकरं वाचनाच्या पातळीनुसार बसवली तर हे तिघं एकटे पडत नाहीत, त्यांच्यासोबत आणखी पाच-सहा निघतात.

आमच्या गावात कार्यक्रम घ्यायचाय. कसा घ्यावा?

फलकावर "दिव्यांग शिबिर" लिहू नका, ज्यांनी यायला हवं ते येणार नाहीत. "वाचन मेळावा" लिहा. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी टाळा. श्रावणातली संध्याकाळ चांगली. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, निमंत्रण त्यांच्याकडून जाऊ द्या. आशाताई आणि अंगणवाडी ताई यांना घर न घर माहीत असतं.

भाषण दहा मिनिटांच्या वर नको. त्याऐवजी पालकांना कोरा कागद द्या, डाव्या हातानं स्वतःचं नाव आणि गाव लिहायला सांगा आणि ते लिहीत असताना मागून ओरडा: "लवकर! किती वेळ? शेजाऱ्याचं झालं बघ!" पहिली दोन मिनिटं सगळे हसतात. मग कुणीतरी कागद चुरगाळतो, कुणी शेजाऱ्याचं बघून उतरवायला जातो, एखादा "मला लघवीला जायचंय" म्हणतो. लेकरं वर्गात जे जे करतात ते सगळं तिथे होतं. त्यानंतर जास्त समजावत बसावं लागत नाही.

दहावी निघालीच नाही तर?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून विषय निवडून, एकेक करत दहावी देता येते. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड आठवी पासवर आहेत. हात चालणाऱ्या मुलाला तिथे लवकर सूर सापडतो, फक्त लेखी पेपरच्या सवलतीसाठी तेच प्रमाणपत्र तिथेही दाखवा.

जिल्ह्याला तपासणीला जाताना सोबत काय न्यायचं?

लेकराचं आणि पालकाचं आधार, फोटो, शाळेचं बोनाफाईड, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, डोळे-कान तपासल्याचे कागद आणि वर्गशिक्षकाचं अर्ध्या पानाचं पत्र. मराठीच्या आणि गणिताच्या जुन्या वह्या नक्की न्या, चुकांवर लाल रेघा असलेल्या. त्या फाडून किंवा नव्यानं लिहून घेऊ नका. लेकराला भरपेट जेवू घालून न्या, चाचणीला दोन-तीन तास जातात. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचा (यूडीआयडी) अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर करायचा असतो, तो आधीच गावच्या सेवा केंद्रातून भरून पावती सोबत ठेवली तर एक फेरी वाचते.